कारण कोणते, सबब कोणती?
उशीर, चूक आणि जबाबदारी यांविषयी मराठी माणूस जे बोलतो, त्यामागचे शब्द आणि त्यांचे अर्थ

विशेष प्रतिनिधी, पेण/रोहा

पेणच्या एसटी स्थानकात सकाळच्या वेळी चौकशीच्या खिडकीपाशी थोडा वेळ उभे राहिले, तरी मराठी भाषेचा एक मोठा विभाग कानांवरून जातो. ‘गाडी अजून लागली नाही’, ‘वडखळला अडकली असेल’, ‘वरून सांगितलेले नाही’, ‘येईल एवढ्यात’. रांगेतील प्रवासीही काही मागे नसतात. कार्यालयात भ्रमणध्वनी लावून ते सांगत असतात, ‘साहेब, गाडीच आली नाही, मी तर कधीचा उभा आहे.’ ‘कधीचा’ म्हणजे पाच मिनिटांपासूनचा, हे फक्त शेजारी उभ्या असलेल्या मावशींना ठाऊक असते.

या बोलण्यात खोटे किती आणि खरे किती, हा प्रश्न नेहमीचाच आहे. मात्र त्याआधी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा. आपण जे ऐकले ते कारण होते, सबब होती, निमित्त होते, बहाणा होता, खुलासा होता की समर्थन? मराठीत यांतील प्रत्येकासाठी स्वतंत्र शब्द आहे आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा आहे. हे अर्थ एकमेकांत मिसळले की ऐकणाऱ्याचे नुकसान होते. कारण कारणाला उत्तर देता येते, सबबीला देता येत नाही. पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतील नागरिकांनी गेल्या दीड दशकात या नुकसानीचा अनुभव पुरेपूर घेतला आहे.

‘सबब’ची दोन आयुष्ये

या शब्दकुटुंबातील सर्वांत परिचित शब्द ‘सबब’. तो फार्सीच्या वाटेने मराठीत आला; मूळ अरबी. अरबीत त्याचा जुना अर्थ दोरी असा होता. एका वस्तूला दुसऱ्या वस्तूशी बांधणारा दुवा, आणि त्यावरून परिणामाला जोडणारे कारण, असा अर्थाचा विस्तार झाला. मराठीत आल्यावर या शब्दाला दोन आयुष्ये लाभली. दप्तरात तो ‘म्हणून’, ‘त्या कारणाने’ या अर्थाने नांदला आणि आजही नांदत आहे. न्यायनिर्णयाच्या शेवटी ‘सबब, खालीलप्रमाणे आदेश’ असे लिहिले जाते. दाखल्याच्या तळाशी ‘सबब हा दाखला देण्यात येत आहे’ असे असते. तेथे त्या शब्दाला कोणताही डाग नाही.

बोलीत मात्र हाच शब्द बदनाम झाला. ‘सबब सांगू नकोस’ असे म्हणताना बोलणाऱ्याला ‘कारण सांगू नकोस’ असे म्हणावयाचे नसते. पुढे केलेले कारण खरे नाही, किंवा खरे असले तरी पुरेसे नाही, असा त्यात आरोप असतो. त्याला पुन्हा विशेषणे लागतात. ‘लंगडी सबब’ म्हणजे स्वतःच्या पायांवर उभी न राहणारी. ‘तीच ती सबब’ म्हणजे वापरून झिजलेली. तहसील कचेरीत एकाच दिवशी हा शब्द कागदावर प्रतिष्ठेने लिहिला जातो आणि बाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याच कचेरीविषयी तो तुच्छतेने उच्चारला जातो.

‘बहाणा’ हा फार्सी शब्द. सबबीपेक्षा त्यात अभिनय अधिक. सबब शब्दांनी सांगता येते. बहाण्याला पोट धरून कण्हावे लागते. म्हणून सबब ‘सांगतात’ किंवा ‘पुढे करतात’, बहाणा मात्र ‘करतात’. सोंग आणि ढोंग ही त्याची भावंडे. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला नाही, या म्हणीत बहाण्याची सारी व्याख्या आली.

‘निमित्त’ हा संस्कृत शब्द यांहून सौम्य. शकुन, प्रसंग आणि वरवरचे कारण असे तीनही अर्थ त्यात आहेत. ‘दिवाळीनिमित्त’ म्हणताना त्यात दोष नसतो. ‘पावसाचे निमित्त करून’ म्हणताना मात्र असतो. ‘निमित्ताला टेकलेला’ हा वाक्प्रचार तर फारच नेमका आहे. होणार ते आधीच ठरलेले असते. फक्त बोट दाखवावयास काहीतरी हवे असते.

दप्तराने मराठीला आणखीही शब्द दिले. जुन्या खरेदीखतांच्या भाषेत ‘उजर’ हा शब्द हरकत, आक्षेप या अर्थाने भेटतो. ज्या अरबी शब्दापासून तो आला, त्याचा अर्थ सबब वा माफीची विनंती असा आहे. ‘खुलासा’ या अरबी शब्दाचा मूळ अर्थ सार. मराठी कचेरीत तो स्पष्टीकरण झाला. ‘मखलाशी’चा प्रवास तर सर्वांत बोलका आहे. पेशवाईच्या दप्तरात यादीतील कलमांखाली वरिष्ठाने लिहिलेला शेरा वा निर्णय म्हणजे मखलाशी. आज मात्र ‘मखलाशी केली’ म्हणजे उघड चुकीवर शब्दांचा गुळगुळीत लेप चढविला. लोकांनी अधिकृत शेऱ्यांचा दीर्घ अनुभव घेतल्यावर हा अर्थ रुळला असावा, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही.

व्याकरणाचा आधार

सबबीसाठी शब्दच लागतात असे नाही. मराठीचे व्याकरणही त्या कामी तत्पर असते. मराठीत क्रियापदांच्या जोड्या आहेत. फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे, सुटणे आणि सोडणे. ‘मी कप फोडला’ या वाक्यात एक माणूस उभा आहे. ‘कप फुटला’ या वाक्यात केवळ कप आहे. माणूस खोलीबाहेर निघून गेला. या दोहोंच्या मधे ‘माझ्या हातून कप फुटला’ असेही म्हणता येते. तेथे माणूस आहे, पण कर्ता म्हणून नाही. जणू त्याचा हात ही घटना घडून जाण्याची एक वाट होती.

‘मला उशीर झाला’ या वाक्याची रचना तपासून पाहावी. ‘मला ताप आला’ या वाक्याशी ती तंतोतंत जुळते. दोन्हीकडे माणसाने काही केलेले नाही. उशीर आणि ताप हे बाहेरून येऊन त्याच्यावर बसले आहेत. ‘विसर पडला’, ‘राहून गेले’, ‘लक्षात आले नाही’, ‘वेळच मिळाला नाही’ ही सारी वाक्ये याच घाटाची. यांतील अखेरचे वाक्य तर वेळेलाच दोषी ठरविते. ‘गाडी चुकली’ असे आपण सहज म्हणतो. चुकला असतो प्रवासी. पण मराठीत चूक गाडीच्या नावावर जमा होते.

या व्याकरणाकडे केवळ संशयाने पाहणेही योग्य नव्हे. सौजन्याचे कितीतरी व्यवहार याच रचनांवर चालतात. पाहुण्याच्या हातून बशी फुटली तर घरची बाई ‘राहू द्या, जुनीच होती, फुटायचीच होती’ असे म्हणते. तिला खरे काय झाले ते दिसलेले असते. पण ती क्रियापदाची निवड अशी करते की पाहुण्याची मान खाली जाऊ नये. कर्ता झाकण्याची सोय दुसऱ्यासाठी वापरली तर ते सौजन्य, स्वतःसाठी वापरली तर ती सबब. फरक वाक्यात नसून बोलणाऱ्यात असतो.

शासकीय मराठीने या सोयीचा पुढचा टप्पा गाठला. ‘कार्यवाही करण्यात येत आहे’, ‘सदर बाब निदर्शनास आलेली नाही’, ‘प्रस्ताव विचाराधीन आहे’, ‘यथावकाश कळविण्यात येईल’. कोण करीत आहे, कोणाच्या निदर्शनास आली नाही, कोणाच्या विचाराधीन आहे, कधी कळविणार, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर वाक्यात नसते. आणि वाक्य मात्र व्याकरणदृष्ट्या निर्दोष असते.

टाळणे वेगळे, पटवणे वेगळे

इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५६ मध्ये सबबींवर एक प्रसिद्ध निबंध सादर केला. त्यातील भेद साधा आणि उपयोगी आहे. सबब सांगणारा म्हणतो, ‘झाले ते वाईट झाले, पण त्याचा दोष पूर्णपणे माझा नाही.’ समर्थन करणारा म्हणतो, ‘होय, ते मीच केले, पण ते वाईट नव्हतेच.’ पहिला जबाबदारी नाकारतो, दुसरा चूक नाकारतो.

त्यानंतर वर्षभराने, १९५७ मध्ये, अमेरिकेतील ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅट्झा या समाजशास्त्रज्ञांनी नियमभंग करणारी मुले स्वतःच्या मनाची समजूत कशी घालतात याचा विचार करून त्याचे पाच प्रकार सांगितले. जबाबदारी नाकारणे, नुकसान नाकारणे, ज्याचे नुकसान झाले तो त्याच लायकीचा होता असे म्हणणे, दोष देणाऱ्यालाच दोष देणे आणि आपण हे आपल्या माणसांसाठी केले असे सांगणे. हे पाचही प्रकार मराठी घरांत आणि म्हणींत आधीपासून वस्तीला आहेत. ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ हा पहिला. ‘एवढे काय बिघडले?’ हा दुसरा. ‘त्याला तसेच पाहिजे होते’ हा तिसरा. चौथ्यासाठी ‘चोराच्या उलट्या बोंबा’ आहेच. आणि ‘हे सगळे कोणासाठी केले? तुमच्यासाठीच ना!’ हा पाचवा प्रकार ज्या घरात ऐकू आला नाही असे घर विरळाच.

समर्थनाचा धोका सबबीहून मोठा, हे पेण तालुक्याच्याच एका सुपुत्राने फार सुबोध रीतीने सांगून ठेवले आहे. आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्यांतील पहिल्याच प्रवचनात एका न्यायाधीशाची गोष्ट येते. त्याने आयुष्यभर अनेक खुन्यांना फाशीची शिक्षा सुनावलेली असते. एके दिवशी खुनाच्या आरोपावरून स्वतःचा मुलगा समोर उभा राहतो, आणि न्यायाधीश फाशीची शिक्षा किती अमानुष आहे याविषयी बोलू लागतो. त्याचे म्हणणे खोटे असेलच असे नाही. पण ते विचारातून नव्हे, ममतेतून आलेले असते. रणांगणावरील अर्जुनाची स्थिती अशीच होती, असे विनोबा समजावून देतात. शब्द ज्ञानाचे, मूळ मोहाचे.

या गोष्टीतून एक कसोटी हाती लागते. एखाद्याचे समर्थन खरे आहे का हे तपासावयाचे असेल, तर तेच तत्त्व तो काल, दुसऱ्याच्या बाबतीत मान्य करीत होता का हे पाहावे.

ऐकणाऱ्याचे शब्दभांडार

या शब्दांविषयीची एक गंमत सहसा ध्यानात येत नाही. ‘मी आता एक सबब सांगतो’ असे कोणी म्हणत नाही. ‘मी सारवासारव करीत आहे’ असेही कोणी कबूल करीत नाही. बोलणाऱ्याच्या तोंडी ‘कारण’, ‘अडचण’, ‘परिस्थिती’ एवढेच शब्द असतात. सबब, बहाणा, मखलाशी, थाप, पळवाट, टोलवाटोलवी हे सारे शब्द ऐकणाऱ्याने बनविले आणि ऐकणारेच ते वापरतात. म्हणजे हे शब्दभांडार सबबी सांगण्याचे नसून सबबी ओळखण्याचे आहे.

या शब्दांची चित्रे घरातून आणि अंगणातून आलेली आहेत. मातीच्या भुईला भेगा पडल्या की शेणाचा हात फिरवीत, त्यावरून ‘सारवासारव’. भेग बुजत नाही, दिसेनाशी होते. विटीला टोला हाणून ती दूर पाठवावयाची; त्यावरून ‘टोलवाटोलवी’. अर्जदाराची अवस्था विटीसारखी होते, हे या शब्दाने आधीच सांगून ठेवले. न सुटणाऱ्या कामाला ‘भिजत पडलेले घोंगडे’ म्हटले, कारण भिजलेले घोंगडे उचलण्याचे धाडस कोणीच करीत नाही.

दुसरा मोठा साठा शरीराचा. ‘काखा वर करणे’, ‘हात झटकणे’, ‘कानांवर हात ठेवणे’, ‘अंग काढून घेणे’. दोष दुसऱ्यावर लोटताना ‘त्याच्या डोक्यावर खापर फोडणे’. अलीकडच्या शहरी बोलीत त्याचेच ‘दुसऱ्याच्या नावावर बिल फाडणे’ झाले. खापर गेले आणि पावतीपुस्तक आले, क्रिया तीच राहिली.

ही प्रतिभा केवळ मराठीची आहे असेही नाही. हाँगकाँग आणि दक्षिण चीनमध्ये बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत जबाबदारी टाळण्याला ‘खांदा निसटू देणे’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपण काखा वर करतो, ते खांदा उतरता करतात. आपलीच चूक उघड झाल्यावरही हेका न सोडणाऱ्यासाठी त्यांच्याकडे एक विलक्षण म्हण आहे. शिजून मेलेली कोंबडी अजूनही भाताच्या भांड्याचे झाकण पायांनी उचलून धरते, असे तिचे चित्र. ‘पडलो तरी नाक वर’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला ती समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. आणि दुसऱ्याचा दोष निमूटपणे स्वतःच्या माथी घेणाऱ्यासाठी तेथे ‘मेलेले मांजर खाणे’ असा प्रयोग आहे. कार्यालयातील सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्याला तो चटकन पटावा.

अस्मानी, सुलतानी आणि महामार्ग

सगळीच कारणे सबबी नसतात, हेही जुन्या मराठी व्यवहाराला पक्के ठाऊक होते. ‘अस्मानी-सुलतानी’ हा जोडशब्द त्याची साक्ष आहे. आभाळातून आलेले संकट, म्हणजे अवर्षण वा अतिवृष्टी, ते अस्मानी. राज्यकर्त्यांमुळे वा सैन्याच्या धामधुमीमुळे आलेले ते सुलतानी. अशा प्रसंगी रयतेला साऱ्यात सूट देण्याचा रिवाज होता. माणसाच्या आवाक्याबाहेरचे काय, याची ती दोन खात्यांची नोंदवही होती. आजच्या कंत्राटांतील ‘दैवी आपत्ती’चे कलम हा तिचाच वारसा.

पेणच्या गणेशमूर्ती कारखान्यांनी अशी अस्सल कारणे अनुभवली आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. त्याच वर्षी करोनाच्या साथीमुळे राज्य शासनाने सार्वजनिक मूर्तींची उंची चार फूट आणि घरगुती मूर्तींची दोन फूट अशी मर्यादित केली. वर्षभर चालणारा हा व्यवसाय. मोठ्या मूर्तींचे काम कित्येक महिने आधी सुरू झालेले असते. त्या वर्षी मूर्तिकाराने व्यापाऱ्याला ‘दादा, या वेळी जमणार नाही’ असे सांगितले असेल, तर त्याला सबब म्हणण्याचे धारिष्ट कोणी करू नये.

याउलट उदाहरण खारेपाटाचे. खाडीकाठच्या या भातशेतीचे रक्षण बांध करतात. बांधाला खांड पडली की खारे पाणी आत शिरते आणि जमीन पुढील काही हंगामांसाठी नापीक होऊ शकते. दर वेळी कारण सांगितले जाते ‘उधाण’. उधाण खरे असते, नुकसान खरे असते. पण उधाणाच्या तिथी अमावास्या आणि पौर्णिमा यांच्याशी बांधलेल्या आहेत. भरतीची वेळापत्रके वर्षभर आधी छापून येतात. ज्याची तारीख आधीच ठाऊक आहे, ते बांध फुटण्याचे निमित्त असू शकेल. वेळेवर दुरुस्ती न होण्याचे कारण ते होऊ शकत नाही.

आणि मग महामार्ग. पूर्वी क्रमांक १७ आणि आता क्रमांक ६६ असलेल्या मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावरील पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. ते २०१४ मध्ये पूर्ण व्हावयाचे होते. पेण, वडखळ, कासू, नागोठणे, कोलाड ही सर्व गावे याच टप्प्यावर. मुदत उलटून दहा वर्षे झाली तेव्हाही काम अपुरेच होते. दरम्यान या टप्प्याचे पळस्पे ते कासू आणि कासू ते इंदापूर असे प्रत्येकी ४२ किलोमीटरचे दोन भाग झाले, ठेकेदार बदलले, डांबराऐवजी काँक्रीटचा निर्णय झाला, उच्च न्यायालयात जनहित याचिका आली, नव्या मुदती जाहीर झाल्या आणि त्याही उलटल्या.

या काळात सांगितलेल्या कारणांची यादी लोकांना तोंडपाठ आहे. भूसंपादन रखडले. कर्नाळा पक्षी अभयारण्यातून जाणाऱ्या भागासाठी परवानगी हवी होती. ठेकेदाराची आर्थिक स्थिती बिघडली. पाऊस लागला. यांतील एकही गोष्ट खोटी नाही, आणि येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. खोट्या कारणांपेक्षा खऱ्या सबबी ओळखणे अधिक कठीण असते. कर्नाळ्याचे अभयारण्य काम सुरू होण्यापूर्वीही तेथेच होते. कोकणात पाऊस दर वर्षी जून महिन्यात येतो. जी अडचण आराखड्याच्या पहिल्या पानावर असावयास हवी, ती दिरंगाईच्या शेवटच्या पानावर दिसू लागली की कारणाची सबब झाली असे समजावे.

त्याची किंमत शब्दांत मोजली जात नाही. रोह्याहून मुंबईच्या रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका, गणपतीला गावी निघालेले कुटुंब, खड्डा चुकवताना घसरलेला दुचाकीस्वार यांना ‘अपरिहार्य कारणास्तव’ या शब्दांनी काही मिळत नाही. ‘अपरिहार्य’ म्हणजे जे टाळता येणार नव्हते ते. टाळता येणारी किती संकटे या विशेषणाखाली खपून गेली, याचा हिशेब मात्र कोणी मांडीत नाही.

तीन प्रश्न आणि एक कागद

ऐकणाऱ्याच्या हाती मग काय उरते? वरील उदाहरणांतून तीन प्रश्न निघतात. सांगितलेली अडचण आधी ठाऊक होती का? ती अडचण नसती तर काम खरोखर झाले असते का? आणि सांगणारा माणूस पुढची तारीख व त्यासाठी जबाबदार कोण, हे सांगावयास तयार आहे का? पहिल्याचे उत्तर ‘नाही’ आणि पुढच्या दोहोंचे ‘होय’ असेल, तर ते कारण. अन्यथा सबब.

चौथी गोष्ट कागदाची. तोंडी सबब हवेत विरते; लेखी कारण टिकते, तपासता येते आणि त्याविरुद्ध दाद मागता येते. म्हणूनच कायद्याने ‘कारण’ हा शब्द उचलून घेतला आहे. कर्मचाऱ्यावर बजावतात ती ‘कारणे दाखवा’ नोटीस. ‘सबबी दाखवा’ नोटीस नव्हे. तिला तो देतो तो ‘खुलासा’, आणि वरिष्ठ ठरवितात की खुलासा समाधानकारक आहे की नाही. हीच शिस्त नागरिकालाही लागू करून घेता येते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मधील कलम ४ नुसार प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना कळविणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. लोकांनी ‘दफ्तर दिरंगाईचा कायदा’ असे नाव दिलेल्या राज्याच्या २००५ च्या अधिनियमात कोणतीही फाइल सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ एका टेबलावर राहू नये, असे म्हटले आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा नाकारावयाची असेल तर कारणे लेखी नमूद करावी लागतात, आणि अर्जदाराला तीस दिवसांत पहिले अपील करता येते.

खिडकीवरील ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ या वाक्यावर अपील होत नाही. ‘हेच लिहून द्याल का?’ एवढे नम्रपणे विचारल्यावर अनेकदा साहेब सापडतात, किंवा निदान खरे कारण तरी सापडते.

रोह्याचा एक राजीनामा

कारण कसे सांगावे, याचा एक धडा रोह्याशी जोडलेला आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख यांचे वडील रोह्यात वकिली करीत. १९५२ मध्ये चिंतामणराव कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेले. मुंबई शहर महाराष्ट्रापासून वेगळे ठेवण्याच्या धोरणाला त्यांचा विरोध होता. जुलै १९५६ मध्ये त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि लोकसभेत निवेदन करून त्याची कारणे मांडली. मुंबईत झालेल्या गोळीबाराच्या चौकशीचा प्रश्न आणि मंत्रिमंडळाशी विचारविनिमय न करता झालेला निर्णय हे मुद्दे त्यांनी उघडपणे घेतले.

त्यांच्या भूमिकेशी कोणाचा मतभेद असू शकेल. पण भाषेच्या दृष्टीने ती घटना पाहण्यासारखी आहे. कारण सांगितले, ते सभागृहात सांगितले, स्वतःच्या नावाने सांगितले आणि त्याची किंमत म्हणून पद सोडले. सबब माणसाला खुर्चीवर टिकून राहण्यासाठी लागते. कारण सांगणाऱ्याला कधी कधी ती सोडावी लागते.

एवढ्या थोर प्रसंगांची वाट पाहण्याचेही कारण नाही. श्रावण संपत आला की पेणच्या कारखान्यांत दिवे रात्रभर जळतात. रंग वाळत नाही, हवा दमट असते, वीज जाते, कारागीर आजारी पडतो. सबबींना तोटा नसतो. पण भाद्रपद शुद्ध चतुर्थी पुढे ढकलता येत नाही, हे मालकालाही ठाऊक असते आणि उभे राहून डोळ्यांची आखणी करणाऱ्या पोऱ्यालाही. म्हणून त्या दिवसांत तेथे ‘उशीर झाला’ हे वाक्य फारसे ऐकू येत नाही. ‘संध्याकाळी या, मी देतो’ असे ऐकू येते. कर्ता असलेले आणि वेळ सांगणारे ते एक साधे मराठी वाक्य आहे.